घाण्यावरून कचेरीत



नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढणाऱ्यांच्या गोष्टी आपण आवडीने ऐकतो, आणि वर्गात मुलांनाही सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईची मास्तरकी सोडली, बेळगावात सायकलींचे दुकान चालविले, आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. ऐकताना छाती फुगते. परंतु त्याच रस्त्याने उलट दिशेला जाणारी माणसेही काही कमी नसतात. कुणी शिलाईचे यंत्र झाकून ठेवतो, कुणी दुकानाच्या फळ्या कायमच्या लावतो, कुणी वाडी भावाच्या हवाली करतो, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन कचेरीची वाट धरतो. यांची गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज त्यांच्याविषयीच चार शब्द बोलावेत असे मनात आहे.

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे: उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. गंमत अशी की, ही म्हण पारावर बसून सांगणारा गृहस्थच मुलीसाठी स्थळ बघायला निघाला म्हणजे पहिला प्रश्न विचारतो, ‘मुलगा नोकरीला आहे ना?’ तेव्हा धंदा सोडून नोकरीत जाणाऱ्याची मोठी पंचाईत होते. निम्मे गाव म्हणते, ‘सुटलास बाबा एकदाचा!’ उरलेले निम्मे म्हणते, ‘धंदा बसला असणार, नाहीतर कशाला गेला असता?’ आणि खरे तर दोघांनाही महत्त्वाचे ते विचारायचे राहून जाते. तो का गेला हे त्याच्या घरचे बघतील. गावाने विचारायचे ते एवढेच, की तो जाताना कसा गेला?

हे विचारण्याचे कारण सांगतो. नोकरी सोडणाऱ्या माणसाला राजीनामा द्यायला समोर साहेब असतो. महिन्याची आगाऊ सूचना असते, कागदपत्रे सोपविण्याची रीत असते, कुणाचे काही देणे नाही असा दाखला असतो. सारे ठरलेले. धंदेवाईक माणूस स्वतःच साहेब आणि स्वतःच शिपाई. त्याने राजीनामा द्यावा कुणाला? त्याला कोणी विचारीत नाही, म्हणून पुष्कळदा तो कुणालाच देत नाही. एक दिवस कुलूप दिसते आणि लोक समजायचे ते समजतात. माझे म्हणणे असे आहे की, ज्याला साहेब नाही त्याने आपला राजीनामा गावाला द्यावा लागतो. गिऱ्हाइकाला, हाताखालच्या माणसाला, उधार देणाऱ्याला आणि घरच्यांना, असा एकेकाला.

हे बोलण्यासाठी मी चौल गाव निवडले आहे. रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका नदीच्या खाडीजवळ वसलेले हे गाव. एकेकाळी हे मोठे बंदर होते. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात जहाजातून याच बंदरात उतरला. शेजारच्या रेवदंड्याला पोर्तुगीजांनी कोट बांधला, आणि १७४० साली तो मराठ्यांच्या ताब्यात आला. चौलचे रेशमी कापड त्या काळी नावाजलेले होते. पुढे इंग्रजांनी मुंबई वसवायला घेतली तेव्हा चौलचे काही विणकर तिकडे जाऊन राहिले. म्हणजे पोटासाठी गाव सोडणे चौलकरांना नवे नाही. परंतु विणकर माग घेऊन गेले. त्यांचा धंदा बरोबर होता. धंदाच मागे ठेवून चाकरीला गेलेल्या लोकांची गोष्ट याच किनाऱ्यावर घडली आहे, आणि ती आपल्या विषयाला अगदी जवळची आहे.

ती गोष्ट बेने इस्रायलांची. हे आपल्या कुलाबा किनाऱ्यावरचे ज्यू लोक. त्यांची परंपरा सांगते की, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. पुढे त्यांचे वंशज किनाऱ्यावरच्या गावांतून पसरले, मराठी बोलू लागले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी ते घाण्याला बैल जुंपीत नसत, कारण तो त्यांचा विश्रांतीचा वार. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. तेल्याचा धंदा हा सगळा विश्वासाचा. शेतकरी आपले तीळ आणून टाकणार, आणि त्याचे तेल किती निघाले, पेंड किती निघाली, हे तेल्याने सांगायचे. अशा धंद्याचा माणूस गावातून गेला म्हणजे नुसते एक दुकान कमी होत नाही. पिढ्यान्पिढ्यांचा एक व्यवहार थांबतो.

अठराव्या शतकात हे लोक मुंबईस जाऊ लागले. आधी कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले; पुढे इंग्रजी शिकून कचेऱ्या, रेल्वे, टपाल, दवाखाने, शाळा अशा ठिकाणी नोकऱ्या करू लागले. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे त्यांच्यातले पलटणीतले एक नामवंत. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले. परत आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग बांधले. ते मशीद बंदराजवळ सॅम्युएल स्ट्रीटवर आहे. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली आपल्या मुलांसाठी मुंबईत इस्रायली शाळा उघडण्यात पुढाकार घेतला, आणि पुढे आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. घाण्याभोवती फिरणाऱ्या बैलाच्या मागे ज्यांचे आजोबा चालले, त्यांचे नातू दोन-तीन पिढ्यांत टेबलाशी बसून लिहू लागले.

आता यात आपल्या उपयोगाचे काय? ही नावे पुन्हा एकदा ऐका. दिवेकर. किहीमकर. अशीच पेणकर, रोहेकर, नवगावकर. तेल्याचा धंदा सुटला, पण गावाचे नाव त्यांनी टाकले नाही. मुंबईत जाऊन उलट ते अधिक घट्ट धरले. १९५४ सालच्या ‘बूट पॉलिश’ या चित्रपटातले जॉनचाचा पुष्कळांना आठवत असतील. त्या नटाला सारे जण नुसते ‘डेव्हिड’ म्हणून ओळखत. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपले चौल! पडद्यावर आडनाव दिसत नसे, पण गाव त्यांच्या नावात बसलेले होते.

आणि नुसते नावच नव्हे. रेवदंड्याला आणि अलिबागला त्यांची सिनेगॉगे आहेत. अलिबागजवळ खंडाळे म्हणून गाव आहे. घाटावरचे खंडाळा नव्हे, हे निराळे. तिथल्या खडकावर एलियाहू प्रेषिताच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. नवस फेडायला ते तिथे येतात आणि गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा ‘मलिदा’ करतात. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक जण इस्रायल देशात गेले. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. इतक्या लांब गेलेली माणसे परत येतात आणि गाव त्यांना आपले म्हणते. जाताना दार आपटून गेलेल्या माणसाला असे परत येता येत नाही. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे: त्यांनी व्यवसाय सोडला, पण व्यवहार तोडला नाही.

जुन्या काळी एका घराला हे बदलायला दोन पिढ्या मिळत. बाप घाण्यावर असे, मुलगा पलटणीत जाई. धाकटा भाऊ घाणा बघे. आता तेवढा वेळ मिळत नाही. एका माणसाला एका महिन्यात सारे आवरावे लागते. चौलकडेच पाहा. १९८० च्या दशकात थळला खताचा कारखाना झाला, मग खाडीपलीकडे साळावला स्पंज लोखंडाचा कारखाना आला, अलिबागेस जिल्ह्याच्या कचेऱ्या आहेतच. त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर येऊन आदळले. माड आणि पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तरी फळ धरायला पाच-सहा वर्षे थांबावे लागते. ज्याच्या वाडीत निम्मी झाडे उरली, त्याच्या घरातल्या तरुणाने महिन्याच्या पगाराकडे पाहिले तर त्याला भित्रा कोण म्हणेल?

आता आपण एक उदाहरण घेऊ. समजा, चौलमध्ये एक पंप दुरुस्त करणारा आहे. नाव काही देऊ नका. वाड्यांतल्या विहिरींवर पूर्वी रहाट होते, आता विजेचे पंप आहेत. गेली दहा-अकरा वर्षे आसपासच्या वाड्यांचे पंप हाच बघतो. मोटर जळली की हाच वाइंडिंग करून देतो, फूटव्हॉल्व्ह गळू लागला की हाच विहिरीत उतरतो. हाताखाली एक पोरगा आहे. बायको दुकानात बसून निरोप घेते आणि सुटे भाग विकते. अशा माणसाला अलिबागेस एका कचेरीत कायम जागा मिळाली. रुजू व्हायचे आहे एप्रिलमध्ये.

श्रोत्यांत जे वाडीवाले असतील त्यांच्या ध्यानात अडचण लगेच आली असेल. एप्रिल म्हणजे चैत्र-वैशाख. या दिवसांत पोफळीला पाणी चुकून चालत नाही. पंप बंद पडला आणि आठवडाभर कोणी आले नाही, तर पोफळी माना टाकतात. आमच्या पंपवाल्याने गुपचूप कुलूप लावले तर त्याचे काहीच बिघडणार नाही. पगार पहिल्या तारखेला होईलच. बिघडेल ते दुसऱ्याच्या वाडीत. धंदा नीट सोडणे म्हणजे काय, याचे सारे मर्म इथे आहे. आपल्या जाण्याची किंमत दुसऱ्याने भरू नये.

तर त्याने काय करावे? पहिली गोष्ट, नेमणुकीचे पत्र हातात पडेपर्यंत गावात वाच्यता करू नये आणि अवजारे विकू नयेत. तोंडी शब्दावर दुकान मोडणारे पुढे पस्तावतात. पत्र आले, की त्याच दिवशी घरात बसून तारखेचा विचार करावा. रुजू होण्याची मुदत वाढवून मागता येते. मिळेलच असे नाही, पण कारण देऊन लेखी अर्ज करायला हरकत कसली? ‘उन्हाळ्यात माझ्यावर इतक्या बागांचे पाणी अवलंबून आहे, पावसाळ्याच्या तोंडावर रुजू होऊ द्यावे,’ असे लिहिणारा उमेदवार विचारी साहेबाला खटकणार नाही. उलट, जुने काम नीट सोडणारा माणूस आपलेही काम नीट करील, असे तो म्हणेल. मुदत मिळाली नाही, तर मात्र निघण्यापूर्वी प्रत्येक पंपाची सोय लावून निघावे.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगावे, आणि दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापूर्वी सांगावे. हे अवघड जाते. जुन्या वाडीवाल्याकडे जाऊन तो म्हणेल, ‘काका, पंधरा तारखेपासून मी अलिबागेला नोकरीला जातोय.’ म्हातारा प्रथम गप्प बसेल. मग म्हणेल, ‘अरे, चांगलं झालं. पण आमच्या पोफळींनी काय करायचं?’ हा प्रश्न ऐकून घेण्याचे धैर्य पाहिजे. आणि त्याला उत्तरही पाहिजे: ‘काका, तुमचा पंप मी उद्या येऊन तपासून जातो. फूटव्हॉल्व्ह बदलून देतो. माझ्याकडचा पोरगा आता काम शिकलाय, तो येईल. त्याला अडलं तर रविवारी मी त्याला सांगीन.’ एवढे झाले की म्हातारा चहा ठेवायला सांगतो. आगाऊ पैसे घेतलेले असतील तर काम पुरे करावे, नाहीतर पैसे परत करावेत. त्यात मधला रस्ता नाही.

तिसरी गोष्ट त्या पोराची. आपण नोकरी सोडतो तेव्हा आपली एक नोकरी सुटते. आपण धंदा सोडतो तेव्हा त्याचीही सुटते, आणि त्याला नेमणुकीचे पत्र आलेले नसते. त्याला सर्वांत आधी सांगावे. त्याने दुकान पुढे चालवायचे म्हटले, तर अवजारे हप्त्याने द्यावीत. आणि अवजारांपेक्षा मोलाची एक वस्तू द्यावी, ती म्हणजे वही. कोणत्या विहिरीवर किती अश्वशक्तीचा पंप आहे, विहीर किती खोल, वाइंडिंग केव्हा केले, कोणाची उधारी कशी येते, हे सारे दहा वर्षे एकाच्याच डोक्यात असते. ते कागदावर उतरवून द्यायला दोन संध्याकाळी पुरतात. न लिहिता गेलात, तर दहा वर्षांचे ज्ञान दुपारच्या लाँचने निघून गेले म्हणायचे.

चौथी गोष्ट पैशाची. एका कागदावर देणे, दुसऱ्या कागदावर घेणे लिहावे. आधी देणे द्यावे. अलिबागच्या ज्या व्यापाऱ्याने तांब्याची तार उधार दिली, त्याच्याकडे स्वतः जाऊन खाते मिटवावे आणि मिटल्याची सही घ्यावी. एकदम देता येत नसेल तर पगारातून किती देणार ते लिहून द्यावे. घेणे वसूल करताना मात्र जरा सबुरी असावी. आपण चाललो म्हटल्यावर लोक पैसे बुडवतील, या भीतीने दारोदार तगादा लावणारे पुष्कळ आहेत; शंभर-दोनशे रुपयांसाठी दहा वर्षांची ओळख पुसून टाकतात. ज्याची खरोखर ऐपत नाही त्याचे सोडून द्यावे, आणि सोडले असे त्याला सांगावे, म्हणजे तो आपल्याला पाहून वाट बदलणार नाही.

इथे कायद्याच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण खेड्यात त्या फारशा कोणाला ठाऊक नसतात. धंद्यात भागीदार असेल, तर ‘मी निघालो’ असे त्याला एकट्याला सांगून भागत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे निघालेल्या भागीदाराने जाहीर सूचना द्यावी लागते. ती दिली नाही, तर त्याच्या मागे दुकानाने केलेल्या कर्जासाठीही लोक त्याला धरू शकतात. पेढी नोंदलेली असेल तर ही सूचना निबंधकाकडे, राजपत्रात आणि त्या भागातल्या एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यायची असते. दुसरी गोष्ट १८७२ च्या करार कायद्यातली. कुणाला धंदा करण्यास बंदी घालणारा करार सामान्यतः रद्द समजला जातो. परंतु तुम्ही दुकान त्याच्या नावलौकिकासकट विकले असेल, तर त्याच भागात तसाच धंदा पुन्हा काढणार नाही, असे विकत घेणाऱ्याला लिहून देता येते, आणि अट वाजवी असेल तर ती बांधते. तेव्हा सही करण्यापूर्वी नीट वाचावे. याखेरीज दुकानाची नोंदणी, जीएसटी क्रमांक, विजेची व्यापारी जोडणी, बँकेतले चालू खाते ही ज्याच्या नावावर असतील, त्याने ती रीतसर बंद करावीत. जीएसटीची नोंदणी रद्द केल्यावर तीन महिन्यांच्या आत शेवटचे विवरणपत्र भरायचे असते, हे पुष्कळ जण विसरतात.

पाचवी गोष्ट घरातली, आणि माझ्या मते तीच सर्वांत नाजूक. नोकरी एकाला लागते, पण धंदा दोघांचा सुटतो. आमच्या पंपवाल्याची बायको इतकी वर्षे दुकानात बसली. कोणता वॉशर कुठे बसतो ते तिला पाठ आहे. लोक तिला विचारून जात. आता नवरा कचेरीत गेला, त्याला हुद्दा मिळाला, ओळखपत्र मिळाले; आणि तिचे मात्र हातचे काम गेले. याचा विचार किती घरांत होतो? सुटे भाग विकायचे दुकान तिला चालवायचे असेल तर तिला आधी विचारावे. मात्र नोकरी सरकारी असेल, तर एक ध्यानात ठेवले पाहिजे. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत. त्यांप्रमाणे सरकारी नोकराला पूर्वपरवानगीवाचून खासगी धंदा करता येत नाही, आणि घरातले कोणी धंदा करीत असेल तर तेही सरकारला कळवावे लागते. बायकोच्या नावावर दुकान ठेवून संध्याकाळी स्वतः पाना हातात घेणे हा मार्ग बरा नव्हे. तिचे दुकान असेल तर ते खरोखर तिचेच असू द्यावे.

बरे, इतके सारे करून आमचा गृहस्थ कचेरीत जाऊन बसला. इथे त्याची आणखी एक परीक्षा असते. सहा महिन्यांनी खिडकीशी एक ओळखीचा चेहरा येतो. तेच वाडीवाले काका! हातात अर्ज. मागे रांग उभी. काका हळूच म्हणतात, ‘अरे, आपलाच माणूस इथे आहे म्हटल्यावर माझं काम आधी होईल ना?’ दुकानात असता तर जुन्या गिऱ्हाइकाचे काम त्याने आधी केलेच असते, आणि त्यात काही गैर नव्हते. दुकान त्याचे होते. खिडकी त्याची नाही. ती रांगेतल्या सर्वांची आहे.

मोठ्या माणसांनाही हे पाळावे लागते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे मुंबईतले नामांकित वकील. वकिली हाही स्वतंत्र धंदाच की! १८८९ साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. वकील न्यायासनावर बसला, की हातातली प्रकरणे दुसऱ्याकडे द्यायची, आणि ज्या खटल्यात पूर्वी आपण एका बाजूने उभे होतो त्या खटल्यात न्याय द्यायला बसायचे नाही, अशी रीत आहे. जुन्या पक्षकाराचा उपकार असा न्यायासनावरून फेडता येत नाही. आमच्या पंपवाल्यानेही काकांना बसायला बाक दाखवावा, अर्ज कसा भरायचा ते समजावून सांगावे, चुकलेले रकाने दाखवावेत, आणि रांग मोडू नये. काका त्या दिवशी थोडे रुसतील. पण गावात जाऊन सांगतील, ‘पोरगा होता तसाच आहे, सरळ.’

इथे कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? गेला तो गेला! याला माझी दोन उत्तरे आहेत. एक रोकडे उत्तर आहे. नोकरी टिकेलच याची खात्री कोणी द्यावी? उमेदवारीचा काळ असतो, कंत्राट संपते, साहेबाशी पटत नाही, किंवा स्वतःचा धंदा केलेल्या माणसाला ठरावीक वेळेत बसवत नाही. ज्याने नीट निरोप घेतला असेल त्याला परत येऊन पाना हातात घेता येतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘आलास? बरं झालं.’ जो पळून गेला त्याला दुसऱ्या गावी दुकान काढावे लागते. म्हणून निदान पहिले वर्षभर चांगली अवजारे विकू नयेत, पोराला वापरायला द्यावीत, असा माझा सल्ला राहील.

दुसरे उत्तर रोकडे नाही. धंद्यात माणूस वर्षानुवर्षे जे मिळवतो त्यात पैसा थोडा असतो आणि पत जास्त असते. पैसा बँकेत ठेवता येतो. पत लोकांच्या मनात ठेवलेली असते, आणि ती काढून घेऊन दुसऱ्या गावच्या खात्यात भरता येत नाही. आपण कसे निघालो यावरच ती राहते किंवा जाते. घाणे सोडून गेलेल्या त्या लोकांची ठेव चौल-रेवदंड्याने अजून सांभाळली आहे, हे आपण पाहिलेच.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपण मुलांकडून पत्रे लिहवून घेतो. आजारपणाच्या रजेचा अर्ज, नोकरीसाठी अर्ज, पुस्तके मागविण्याचे पत्र. नोकरी मागण्याचे पत्र मुलाला येते. आपले काम सोडताना लोकांचा निरोप घेणारे पत्र त्याला येत नाही. एकदा ते लिहायला सांगून पाहा. साधारण असे:

‘सप्रेम नमस्कार. गेली अकरा वर्षे आपल्या विहिरीवरील पंपाचे काम आपण विश्वासाने मजकडे दिलेत, याबद्दल आपला आभारी आहे. येत्या १५ तारखेपासून मी नोकरीवर रुजू होत असल्यामुळे हे काम मला करता येणार नाही. आपला पंप १० तारखेस येऊन तपासून देईन. आपण दिलेल्या आगाऊ रकमेपैकी ३०० रुपये शिल्लक आहेत, ते त्या वेळी परत करीन. यापुढे काम माझा सहकारी पाहील. आपल्या पंपाची सर्व माहिती मी त्याला लिहून दिली आहे. काही राहून गेले असल्यास कळवावे.’

आठ-दहा ओळींचे पत्र आहे. त्यात आभार आले, तारीख आली, हिशेब आला आणि पुढची सोय आली. पाचवी-सहावीतल्या मुलाला ते सहज लिहिता येईल. मग वर्गात विचारा, यातले शेवटचे वाक्य कशासाठी आहे? मुले विचार करतील, आणि एखादी मुलगी नेमके सांगेल. कारण पुष्कळांच्या घरी कुणीतरी अशी वाट धरलेली असते, किंवा धरण्याच्या बेतात असते. वाड्यांना पाणी लागणार आहे, आणि कचेऱ्यांनाही चांगली माणसे लागणार आहेत. एकीकडून दुसरीकडे जाणारा माणूस मधली विहीर कोरडी टाकून जाऊ नये, एवढेच आज सांगायचे होते.